उत्तर : नागपुरातून पुरातत्त्वाचं एमए, आणि इजिप्तचं काय?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी भूगर्भशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे, राहणं नागपूरला, ओढा इजिप्त-मेसोपोटेमियाकडे. तर एमए कुठे करावं आणि तोवर काय वाचावं.

कुठे, हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला पुरातत्त्वाच्या एमएला अर्ज करता येतो. ग्रेटर नोएडाच्या पुरातत्त्व संस्थेतला दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम एमएनंतरचा, त्याची घाई आता नको. नागपूरची खरी श्रीमंती आजूबाजूला आहे. काटोल रोडवर जुनापाणीची शिलावर्तुळं (दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं), माहुरझरीला घोड्यांचे तांब्याच्या अलंकारांसह पुरलेले अवशेष, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी, रामटेकजवळ मनसरला वाकाटककाळ, आणि भंडाऱ्याकडे पवनीचे स्तूप. सकाळी निघून संध्याकाळी घरी.

वाचाल ते वाचा, पण आधी मातीचे थर ओळखायला शिका. इतिहासाकडून येणारी मुलं इथेच अडखळतात, तुम्हाला ते निम्मं येतं. फसवतं ते माणसानं केलेलं. धान्याचं पेव वरच्या काळात खणलेलं असतं, पण त्याचा तळ शेकडो वर्षं जुन्या थरात घुसलेला असतो. पेवाचा काळ तोंड कोणत्या थरात उघडतं त्यावरून ठरतो, तळावरून नाही. कड दिसत नसेल तर छेदावर, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर, पाण्याचा बारीक फवारा मारून बघा, रंगातला फरक उठून दिसतो.

विदर्भात वर आणखी एक पीडा, काळी माती. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, मणी नि बारकी खापरं त्यातून खाली उतरतात. पावसात माती फुगते, भेग मिटते, आणि मणी जुन्या थरात साळसूदपणे बसलेला सापडतो. म्हणून एका मण्यावरून थराचा काळ ठरवू नका. चूल, सारवलेली जमीन, मोठी खापरं काय म्हणतात ते बघा.

चौरस आखणं क्षुल्लक वाटतं, पण पहिल्या दिवशीची चूक शेवटपर्यंत प्रत्येक नकाशात राहते. ५ बाय ५ मीटरच्या चौरसाचे दोन्ही कर्ण ७.०७ मीटर आले पाहिजेत. उतारावर फीत जमिनीला टेकवून मोजली तर चौरस लहान पडतो. ती आडवी ताणा आणि ओळंबा सोडून खुंटी ठोका. खोली नेहमी एकाच ठरलेल्या बिंदूपासून मोजा, खड्ड्याच्या काठापासून नाही. काठ ढासळतो.

कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवायला घेतलेला कोळशाचा नमुना हाताने उचलू नका. स्वच्छ करणीने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवा, मुळ्या काढून टाका. सागासारख्या दीर्घायुषी झाडाच्या गाभ्याचा कोळसा चुलीपेक्षा बराच जुना काळ दाखवतो. जळलेलं धान्य मिळालं तर तेच पाठवा. तरीही इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात कार्बन-१४ ची अंशांकन रेषा (प्रयोगशाळेच्या आकड्यावरून खरं वर्ष काढायचा आलेख) जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे काळ शेकडो वर्षांच्या अंतरात पसरतो. आपली महापाषाणयुगीन, म्हणजे शिलावर्तुळांच्या काळातली, स्थळं बरीचशी नेमकी तिथेच येतात. म्हणून काळी-लाल आणि अभ्रकयुक्त लाल खापरं ओळखता येणं इथे टाळता येत नाही. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाऊन काठांचे आकार वहीत काढा. फोटोने डोळा तयार होत नाही.

आता इजिप्त. तिथली मातीची भांडी मुख्यतः दोन गटांत मोडतात : नाईलच्या गाळाची आणि वाळवंटाकडच्या चुनखडीयुक्त मातीची. खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती माती कुठली हे सांगणं तुमच्याच शास्त्रातलं काम. त्या वाटेने जा. शिवाय जर्मन किंवा फ्रेंच आजपासूनच सुरू करा, तिथले बरेच जुने उत्खनन-अहवाल त्याच भाषांत आहेत. इजिप्तची चित्रलिपी किंवा मेसोपोटेमियाची कीलाक्षरं त्यानंतर.

आणि जुनापाणीला गेलात तर खापर खिशात घालू नका. संरक्षित जागेवर तो कायद्याचा प्रश्न आहेच, पण जागेवरून हललेलं खापर कोणत्या वर्तुळाचं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, उत्तर दिशा दाखवा, आणि तिथेच ठेवून या.