नेट चालतंय, मग प्रिंटरच का सापडंना?

प्रश्न : सर, अंबाजोगाईला माझं मल्टिसर्व्हिसेसचं दुकान आहे, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स असली कामं. चार कॉम्प्युटर आन् एक वायफाय प्रिंटर. जुन्या तिन्हीवरून प्रिंट निघायलीय पण नवीन घेतलेल्याला प्रिंटर सापडंनाच, नेट मात्र मस्त चालायलंय. त्याचा आयपी १९२.१६८.१.४० आहे, प्रिंटर १९२.१६८.१.२०० वर. फिटिंगला आलेल्या पोरानं सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१२८ टाकलाय, बाकीच्यांवर शेवटी ० आहे. एवढ्यानं फरक पडतो का?

उत्तर : पडतो ना दादा, त्या १२८ नं तुमचं नेटवर्क मधोमध कापलंय.

असा चार आकड्यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा नंबर, ३२ बिटचा (बिट म्हणजे एक ० किंवा १) असतो, त्यातला पुढचा भाग नेटवर्कचा आणि मागचा त्या मशीनचा, पण तोडायचं कुठं हे पत्त्यावरून कळत नाही, ते मास्क सांगतो. लँडलाइनचं बघा, पुढचं शून्य सोडलं तर नंबर सगळीकडं दहाच आकडी, पण मुंबईचा कोड २२, संभाजीनगरचा २४०, लातूरचा २३८२. कोड जेवढा लांब तेवढा आतला नंबर छोटा, आणि त्याच गावात लावायचा तर कोड लागतच नाही. मास्कचंही तसंच, २५५ म्हणजे आठ बिट सगळे १, म्हणजे तेवढा भाग कोडात गेला, आणि ० म्हणजे तो सगळा मशीनसाठी मोकळा.

आता १२८ म्हणजे बायनरीत १०००००००, म्हणजे शेवटच्या आकड्याचा पहिला बिटसुद्धा कोडात गेला. ४० चा तो बिट ० आणि २०० चा १. म्हणून नवीन कॉम्प्युटरच्या हिशोबानं ० ते १२७ एवढंच घरातलं आणि प्रिंटर परगावचा! घरातला पत्ता असला की कॉम्प्युटर एआरपीनं, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा?' असं आतल्या सगळ्यांना विचारून, शोधून थेट डेटा पाठवतो, बाहेरचा असला की गेटवेकडं म्हणजे तुमच्या राउटरकडं ढकलतो. राउटर बहुतेक १९२.१६८.१.१ वर असेल, तो ह्याच अर्ध्यात येतो म्हणून नेटला काहीच अडचण नाही, आणि नेट चालतंय म्हणल्यावर मास्कवर कुणाला शंकाच येत नाही.

काही राउटर असा डेटा परत आत प्रिंटरकडं वळवतात, तिथं पत्ता टाकून प्रिंट निघतेही, पण 'ॲड प्रिंटर' मध्ये शोधलं तर सापडत नाही असा अर्धवट प्रकार होतो. त्यामुळं आधी ड्रायव्हर काढा-टाका करण्यात दिवस घालवू नका.

मास्क २५५.२५५.२५५.० करा, झालं. खरं तर हातानं आयपी टाकायची गरजच नाही, कॉम्प्युटर 'ऑटोमॅटिक' वर ठेवा, डीएचसीपी, म्हणजे राउटरमधली आपोआप पत्ते वाटायची सोय, आयपी, मास्क, गेटवे सगळं बरोबर देते, फक्त प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये रिझर्व्ह करून ठेवा म्हणजे तो बदलत नाही.

प्रश्न : मी लातूरला पॉलिटेक्निकला आहे. स्लॅश २६ मध्ये ६४ पत्ते येतात मग उत्तर ६२ का धरतात? आणि क्लास ए, बी, सी अजून चालतात का?

उत्तर : स्लॅश २६ म्हणजे पुढचे २६ बिट नेटवर्कचे. ३२ तून २६ गेले, राहिले ६ बिट, २ चा ६ वा घात ६४. त्यातला पहिला पत्ता खुद्द नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवायचा, हे दोन मशीनला देत नाहीत. क्लासची पद्धत, म्हणजे पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून नेटवर्कचा भाग ठरवायची, १९९३ मध्ये सीआयडीआर (स्लॅश लावून हव्या त्या बिटवर तोडायची पद्धत) आल्यावर मागं पडली, आता पेपरपुरती पाठ करा. स्लॅश २६ चा मास्क २५५.२५५.२५५.१९२, तुकडे ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. १९२.१६८.१.१०० कुठल्या तुकड्यात असं विचारलं तर ६४ च्या, मशीनसाठी ६५ ते १२६, आणि १२७ ब्रॉडकास्ट.