मोटर पुन्हा पुन्हा जळते? एचपी वाढवू नका, पंपाचा आलेख वाचा

प्रश्न : विहिरीवरची 5 एचपीची मोटर उन्हाळ्यात ठिबकवर नीट चालते. रब्बीत विहीर भरलेली असताना पाटाने पाणी दिलं की जळते. दुकानदार म्हणतो, जास्त हेडचा (जास्त उंचीवर पाणी ढकलणारा) 7.5 एचपी पंप घ्या. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. दुकानदाराकडे आधी त्या मॉडेलचा आलेख मागा, म्हणजे किती हेडला किती पाणी येतं ते दाखवणारी वक्ररेषा. नसेल तर पंप उचलू नका. ‘कमाल हेड 50 मीटर, कमाल पाणी सेकंदाला 10 लिटर’ हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेडला पाणी शून्य असतं. या दोन आकड्यांवर भुलून पंप घेऊ नका.

आलेखात उभ्या रेषेवर हेड (मीटर), आडव्या रेषेवर पाणी (लिटर प्रति सेकंद). आपला हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची अधिक वाटेतला अडथळा व लागणारा दाब, सगळं मीटरमध्ये काढा : उन्हाळी पातळीपासून शेताच्या उंच टोकापर्यंत 18, पाइप-बेंडचं घर्षण 6, फिल्टर 5, ठिबक 10, एकूण 39 मीटर. 39 वरून आडवं जा, वक्ररेषा लागेल तिथून सरळ खाली उतरा. 5 लिटर आले, तर त्याच उभ्या ओळीत कार्यक्षमता बघा. 55 टक्के असेल तर 5 × 39 ÷ 75 ÷ 0.55, म्हणजे 4.7 एचपी (75 ने भागलं की उत्तर एचपीत येतं). तुमची 5 एचपी पुरते. कार्यक्षमतेच्या शिखराजवळ बसणारा पंप निवडा.

आता मोटर का जळते ते पाहा. रब्बीत पातळी 8 मीटर वर येते, ठिबक-फिल्टर सुटतात, हेड 16 मीटरच्या आसपास उरतो. पंप वक्ररेषेवर उजवीकडे सरकतो, पाणी वाढतं, पॉवरची रेषाही चढते, अँपिअर वाढतात, वाइंडिंग जातं. जास्त हेडचा पंप कमी हेडवर याहून लवकर मोटर जाळेल. दुकानदार हे सांगणार नाही.

उपाय एकच : डिलिव्हरीवर (पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपावर) व्हॉल्व्ह आणि पॅनेलवर अँपिअर मीटर. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून मोटर सुरू करा, हळूहळू उघडा, नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या आत थांबा. पूर्ण बंद ठेवून चालवत राहू नका, पाणी तापतं. सक्शनचा (विहिरीतून पाणी ओढणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह कधीही आवळू नका. ओव्हरलोड रिले (अँपिअर वाढले की मोटर बंद करणारं साधन) वाढवून ठेवायला सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. मोटर वाचवणारी तीच शेवटची गोष्ट आहे.

63 मिमीऐवजी 75 मिमी पाइप टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण निम्म्याहून कमी होतं. एचपीवर घालायचे पैसे इथे घाला.

सौर पंप योजनेत एचपी जमिनीनुसार ठरते : अडीच एकरपर्यंत 3, पाचपर्यंत 5, त्यावर 7.5. पण हेड आपणच मोजून सांगा.