दाभण खुपसल्यासारखी सणक

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ४४. लातूरला आडत बाजाराजवळ राहते, घरी शिलाईकाम करते. दिवाळीनंतर डोक्यात मधूनच दाभण खुपसल्यासारखी सणक येते. कधी उजव्या कानाच्या वर, कधी डोळ्यामागे, कधी टाळूवर. एक, दोन म्हणेपर्यंत जाते. परवा भाकरी थापताना आली, हात पिठातच राहिला नि 'आई गं' असं ओरडले. मुलगी धावत आली. आठवडा आठवडा काही नसतं, मग एका दिवसात चार-पाच वेळा. बीपी, डोळ्यांचा नंबर ठीक आहे. कॉलेजपासून अर्धशिशी आहे, पण हे तसं नाही. दर वेळी मेडिकलमधून आणलेली गोळी घेते. आमच्या नात्यात एकीला मेंदूत गाठ निघाली होती, ते आठवून झोप लागत नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही. – एक वाचक

उत्तर : ताई, 'एक, दोन म्हणेपर्यंत जाते' हे तुमचं वाक्य फार कामाचं आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण 'डोकं दुखतं' एवढंच सांगतात. ठणका, कळ, सणक हे वेगवेगळं दुखणं आहे आणि त्यावरूनच डॉक्टरला अर्धी वाट सापडते. अर्धशिशीचा ठणका औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. तुमची सणक दोन सेकंदांची, आणि ती जागा बदलते.

तुमच्या वर्णनावरून हे 'प्रायमरी स्टॅबिंग हेडेक', म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न येणारी, टोचल्यासारखी डोकेदुखी वाटतं. रस्किन आणि श्वार्ट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० साली याचं वर्णन करताना आइसपिकची, म्हणजे बर्फ फोडायच्या टोच्याची उपमा दिली. तुम्ही आडत बाजारातल्या, तुम्हाला पोती शिवायचं दाभण आठवलं. दुखणं तेच. अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसतं. आणि टोचतं ते मेंदूला नाही. मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही; कळतं ते त्याच्या आवरणांना, रक्तवाहिन्यांना आणि कपाळा-चेहऱ्याच्या नसांना.

मला स्वतःलाही ही सणक येते. पहिल्यांदा आली तेव्हा एका आजोबांचं बीपी घेत होते. पंप हातातून सुटला, आकडा विसरले आणि त्या रात्री मीही गाठीचाच विचार करत जागी होते. म्हणून तुमची भीती मी उडवून लावणार नाही. गाठीचं दुखणं सहसा असं क्षणात येऊन जात नाही. ते आठवड्यागणिक वाढत जातं, सोबत उलट्या, फिट, हातापायातली ताकद कमी होणं असं काही दिसू लागतं. तरीही एकदा न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखवाच. दुसरं काही नाही याची खात्री झाल्यावरच या दुखण्याचं निदान पक्कं होतं, आणि त्यासाठी एखादा एमआरआय लागू शकतो. सणक कायम एकाच जागी येऊ लागली, तर एमआरआय करणं टाळू नकाच.

दात घासताना, तोंड धुताना गालात-जबड्यात करंट बसल्यासारखं होत असेल तर ते वेगळं, नसेचं दुखणं. सणकेबरोबर त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी येत असेल तर तेही वेगळं. आणि डोकं मिनिटाच्या आत असह्य दुखू लागून तसंच राहिलं, किंवा ताप, मान आखडणं, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं असलं काही झालं, तर सकाळची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल. घरात सासूबाई किंवा पन्नाशीपुढचं कुणी असेल तर हेही ध्यानात ठेवा : कंगवा फिरवताना कानशील दुखतं, चावताना जबडा थकतो, नजर अंधुक होते, अशी तक्रार आली तर त्याच दिवशी डॉक्टर. उशिरापायी दृष्टी कायमची जाऊ शकते.

आता ती गोळी. पाण्याचा पेला भरेपर्यंत सणक गेलेली असते, मग गोळी कशासाठी? उलट, महिन्यात दहा-पंधरा दिवस वेदनाशामक पोटात गेली, तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी मागे लागते आणि अर्धशिशी वाढते. सणकेसाठीची गोळी आजपासून बंद करा. फारच वारंवार येऊ लागली तर डॉक्टर इंडोमेथॅसिन देतात. बऱ्याच जणांना गुण येतो, सगळ्यांना नाही. ते पोटाला आणि किडनीला त्रासदायक आहे, तेव्हा चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका. बहुतेकांना मात्र औषध लागतच नाही.

सणक आली की मशीनच्या पायट्यावरून पाय काढा, सुईखालचा हात मागे घ्या, तव्यापासून सरका. दोन श्वास थांबलात की झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला एक टिंब, शेजारी जागा : 'कान', 'टाळू'. पाळीच्या आणि उपवासाच्या दिवशीही खूण करा, अर्धशिशीसाठी ती उपयोगी पडेल.

आणि मुलीला आजच सांगा. 'आई गं' ऐकून धावत आली ती पोर तेव्हापासून मनातल्या मनात काय काय रचत असेल! न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना तिलाच सोबत न्या, आणि कॅलेंडरची पानं तिच्याच हातात द्या.