स्कायरिममध्ये मॉड हाताने टाकावेत की मॉड मॅनेजर वापरावा?

स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमसाठी मॅनेजरच (मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स, टाकणारं-काढणारं सॉफ्टवेअर) वापरा, तोही पहिल्या मॉडपासून. हाताने टाकलं की फाइल्स थेट गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये जातात. दोन मॉडमध्ये एकाच नावाचं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं चित्र) असेल तर नंतर टाकलेलं आधीच्याची जागा घेतं आणि जुनी फाइल कायमची जाते. पुढे त्यातला एखादा मॉड काढायचा झाला, तर शेकडो फाइल्समधली कुठली कोणाची, हे शोधणं खरंच जिवावर येतं.

मॉड ऑर्गनायझर २ हा मॅनेजर प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्यातून गेम सुरू केला की सगळ्या फाइल्स ‘डेटा’मध्येच असल्याचं गेमला भासवतो. मूळ फोल्डर जसाच्या तसा राहतो. दोन मॉड भिडले तर कोणाची फाइल चालावी, हे यादीत वरखाली सरकवून ठरवता येतं, आणि माझ्या मते मॅनेजर घ्यायला एवढं एक कारण पुरेसं आहे. व्हॉर्टेक्स हा दुसरा मॅनेजरही मॉड वेगळे ठेवतो, पण ‘डेटा’मध्ये त्यांच्या हार्डलिंक (त्याच फाइलची दुसरी नोंद, प्रत नव्हे) टाकतो. नवख्यांना तोही सोपा.

एक मात्र लक्षात ठेवा: खेळ अर्ध्यावर असताना स्क्रिप्टवाला मॉड (ज्यात गेमच्या आत चालणारा कोड असतो) काढू नका. त्याचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात आणि ते मॅनेजर साफ करत नाही. काढायचाच असेल तर तो मॉड टाकण्याआधीच्या सेव्हवर परत जा.