वाचकांचे प्रश्न : दोन विषयांची एक पदवी

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पर्यावरणशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा संयुक्त पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे काका याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणतात. पुढे नोकरीत अडचण येईल का?
– एक पालक, धायरी

उत्तर : काकांची शंका अगदीच बिनबुडाची नाही, मात्र खरी अडचण येते ती पात्रतेच्या अटींमध्ये. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. भारतीय वनसेवेसाठी मात्र वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, संख्याशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी किमान एक पदवीला असावा लागतो आणि, नवल वाटेल, पण त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. भारतीय आर्थिक सेवेला तर अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच लागते. तेव्हा पुढील वर्षाचे विषय निवडण्यापूर्वी या परीक्षांच्या जाहिराती तिने स्वतः वाचाव्यात.

खासगी क्षेत्रात पदवीच्या नावापेक्षा तिने काय काम केले आहे, हे अधिक पाहिले जाते. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर कोठून जाते, हे पर्यावरणाचा विद्यार्थी सांगेल. तळमजल्यावरील कुटुंबाचे किती नुकसान झाले आणि त्यातले विम्याने किती भरून निघाले, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी मोजेल. ही दोन्ही कामे एकाच प्रकल्पात करून दाखवणाऱ्या मुलीला मुलाखतीत पदवीचा अर्थ समजावून सांगत बसावे लागत नाही.

एका विषयात मात्र पाय घट्ट रोवलेला हवा. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे उमटवून घडवलेली नाणी, काट्यावर तोलली, वापराने होणाऱ्या झिजेचे संख्याशास्त्रीय गणित मांडले आणि त्यावरून नाण्यांचा कालानुक्रम लावला. इतिहासाला त्यांनी जे दिले, ते गणितावरील हुकमतीमुळेच देता आले.

मुलीचा कल अर्थशास्त्राकडे असेल, तर तिने गणिताची तयारी आत्तापासून ठेवावी. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी अनेकांचे घोडे तिथेच पेंड खाते.