समलिंगी पुरुषांना कोणते नट देखणे वाटतात? सगळ्यांना पिळदार शरीरच आवडते का?

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. समलिंगी पुरुषांमध्ये कोणते नट लोकप्रिय आहेत, ही पहिली. आणि ‘गे लोकांना फक्त जिममधले हिरो आवडतात, बायकांसारखी त्यांची आवड नसते’ असे जे म्हटले जाते ते खरे आहे का, ही दुसरी. पहिल्याचे उत्तर एका परिच्छेदात देता येते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी नागपुरातल्या माझ्याच मित्रांशी इतकी वर्षे वाद घालत आलो आहे की तिथे सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझ्या वयाच्या, म्हणजे नव्वदच्या दशकात कॉलेजात असलेल्या समलिंगी माणसाला विचारले तर बहुधा पहिले नाव मिलिंद सोमणचे निघेल. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ गाण्यात तो पेटीतून बाहेर आला, आणि त्याच वर्षी बुटांच्या एका जाहिरातीत तो आणि मधू सप्रे बुटांखेरीज अंगावर काहीही न घालता, अजगराच्या वेढ्यात उभे राहिले. मधू सप्रे मूळची नागपूरची, त्यामुळे आमच्याकडे तिच्या नावाने जरा जास्तच बोटे मोडली गेली. खटला तर पुढे चौदा वर्षे चालला. त्या गदारोळात आमच्या गल्लीत मिलिंदबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही, कारण पुरुषाच्या शरीराकडे कुणी टक लावून पाहत असेल ही शक्यताच मोठ्या माणसांच्या मनात नव्हती. आम्ही पाहत होतो. १९९८ मध्ये सलमान खान उघड्या अंगाने गिटार घेऊन नाचला, २००० च्या जानेवारीत हृतिक रोशन आला, २००८ मध्ये ‘दोस्ताना’तली जॉन अब्राहमची पिवळी चड्डी आली. आधीच्या पिढीसाठी धर्मेंद्र आणि विनोद खन्ना होते, नंतरच्या मुलांसाठी रणवीर सिंग, विकी कौशल आणि ‘सैराट’चा आकाश ठोसर. केवळ यादी हवी असणाऱ्यांनी इथे थांबायला हरकत नाही.

आता वादाचा मुद्दा. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले, त्यानंतरच्या एका पावसाळी संध्याकाळी आम्ही काही मित्र धरमपेठेत एकाच्या खोलीवर जमलो होतो. तर्री-पोहे आणले होते, खिडक्या नेहमीप्रमाणे बंद होत्या, पण आवाज मात्र पहिल्यांदाच मोठे होते. कुणीतरी खेळ काढला की प्रत्येकाने आपल्या सर्वांत आवडत्या नटाचे नाव चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठ्या एकत्र करायच्या, आणि कुणाची कोणती ते इतरांनी ओळखायचे. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीचे तुकडे करून चिठ्ठ्या झाल्या. जॉन निघाला, हृतिक निघाला, मिलिंद निघाला, पुन्हा जॉन निघाला. मग एका चिठ्ठीवर जुन्या मराठी चित्रपटांतले नायक रवींद्र महाजनी यांचे नाव निघाले, आणि खोलीत असा हशा पिकला की खाली राहणाऱ्या घरमालकांनी तो ऐकून विचारले, काय झाले म्हणून.

चिठ्ठी माझी होती हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. ज्याची खोली होती तो मित्र म्हणाला, “ही तुझ्या आत्याची आवड आहे बे, तुझी नाही.” हे वाक्य त्याने गंमतीत म्हटले असते तर मी विसरलो असतो. पण पुढे त्याने ते गंभीरपणे समजावून सांगितले. त्याचे म्हणणे असे की खऱ्या समलिंगी पुरुषाची नजर शरीरावर जाते. चेहरा, हसू, बोलण्यातला मऊपणा या बायकांच्या आवडी आहेत. आणि जो अजून घरातल्या बायकांच्या डोळ्यांनी पुरुष बघतो तो स्वतःशी प्रामाणिक झालेलाच नाही.

आत्याचा उल्लेख त्याने उगाच केला नव्हता. माझी आत्या आमच्याकडेच, महालातल्या घरात राहत असे. तिने लग्न केले नव्हते, शाळेत शिकवत होती. तरुणपणी तिने काशिनाथ घाणेकरांचा संभाजी रंगमंचावर पाहिला होता आणि त्यांच्या घाऱ्या डोळ्यांबद्दल ती साठी उलटल्यावरही त्याच उत्साहाने बोलत असे. रविवारी दुपारी चार वाजता दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला की ती अंबाडीची जुडी आणि परात घेऊन जमिनीवर बसायची. पाने खुडून परातीत टाकायची, देठ वर्तमानपत्रावर ठेवायची, आणि महाजनी पडद्यावर आले की तिचे हात थांबायचे. “काय राजबिंडा आहे!” असे ती मोठ्याने म्हणायची. आई हसायची, काकू दुजोरा द्यायची, आणि बाबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता हुंकार भरायचे. मी तिच्या शेजारी बसलेला असायचो. माझ्या मनात अगदी तेच शब्द असायचे, पण ते उच्चारण्याची मुभा त्या खोलीत मला सोडून सगळ्यांना होती.

म्हणून ‘समलिंगी पुरुषांची आवड बायकांपेक्षा वेगळी असते का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की निदान माझ्यासारख्या अनेकांच्या बाबतीत पुरुषाकडे पाहणे आम्ही घरातल्या बायकांच्या शेजारी बसूनच शिकलो. दुसरीकडे शिकणार कुठे? ‘बॉम्बे दोस्त’सारखे समलिंगी लोकांसाठीचे नियतकालिक १९९० पासून मुंबईहून निघत होते, पण सीताबर्डीच्या फुटपाथवर ते मला कधी दिसले नाही. वर्गातली मुले फक्त हिरॉइनबद्दल बोलत. देखण्या पुरुषाबद्दल मोकळेपणाने बोलणारी माणसे म्हणजे आई, आत्या, मावशी आणि वहिनी. त्यांच्याकडून मी शब्द घेतले, आणि त्या शब्दांचा मला आजही अभिमान आहे.

मात्र नाव एकच असले तरी पाहणे एकच नव्हते, आणि हे त्या मित्राला आजवर पटलेले नाही. त्या वादानंतर मी आत्याला सरळ विचारले होते की तुला महाजनी का आवडतात. ती म्हणाली, “अरे, तो घरातला वाटतो.” मला ते कधीच घरातले वाटले नाहीत. ‘मुंबईचा फौजदार’मध्ये ते वर्दीत चालतात तेव्हा त्या खांद्यांची जी ठेवण दिसते, संवाद संपल्यावर क्षणभर थांबून समोरच्या माणसाकडे पाहण्याची त्यांची जी पद्धत आहे, त्याने माझ्या पोटात जे व्हायचे त्याचा घरगुतीपणाशी काहीही संबंध नव्हता. आत्याने मला कुठे बघायचे ते दाखवले. काय बघायचे ते माझे मी ठरवले.

त्या मित्राच्या ‘शरीरावर जाणाऱ्या नजरे’बद्दलही मला स्पष्ट बोलायचे आहे. ती नजर जन्मजात नाही, तीही शिकवलेलीच आहे, आणि ती चित्रपटांच्या व जाहिरातींच्या धंद्याने शिकवली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले हिरो पाहा. विनोद खन्ना किंवा अनिल कपूर यांच्या शर्टाची वरची बटणे उघडी असत आणि छातीवर केस असत. कुणाला त्यात काही कमी वाटत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून छाती गुळगुळीत झाली, कारण केस काढून, अंगाला तेल लावून, प्रकाश बाजूने टाकला की स्नायूंच्या रेषा ठळक दिसतात. शरीरसौष्ठव स्पर्धेतले लोक हे फार आधीपासून करत आले आहेत. अशा दृश्याच्या आधी नट मीठ आणि पाणी तोडतात, म्हणजे त्वचेखालचे पाणी कमी होऊन ‘कट्स’ उठून दिसतात. पडद्यावर जे शरीर आपण पाहतो ते त्या नटाचेही रोजचे शरीर नसते, काही तासांपुरते केलेले असते. त्याला समलिंगी पुरुषांची नैसर्गिक आवड म्हणायचे, आणि ती नसणाऱ्याला अप्रामाणिक ठरवायचे, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्याच गटातली दोन चांगली मुले या नादाने कुणीतरी दिलेली इंजेक्शने घेऊन बसली होती, म्हणून मी हे इतक्या कडवटपणे लिहितो आहे.

उघडे अंग मला नको आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. १९६६ च्या ‘फूल और पत्थर’मध्ये धर्मेंद्र अंगातला शर्ट काढतो तो रस्त्यावर कुडकुडणाऱ्या एका म्हाताऱ्या भिकारणीच्या अंगावर घालण्यासाठी. हिंदी पडद्यावरचे माझ्या मते सर्वांत देखणे दृश्य ते आहे, कारण तिथे ताकद आणि माया एकाच वेळी दिसतात. त्याच्याशी ‘दोस्ताना’ची तुलना करून पाहा. दोन पुरुष मायामीत घर मिळवण्यासाठी समलिंगी असल्याचे नाटक करतात, तिकिटे विकली जातात ती जॉनच्या शरीरावर, आणि हशा मात्र आमच्यासारख्यांच्या प्रेमावर पिकवला जातो. माझ्या मित्रांना तो चित्रपट फार आवडला होता. मला जॉन आवडला, चित्रपटाचा राग आला, आणि अजूनही येतो.

याच्या उलट, आपल्यावर पुरुषही भाळतात हे कळल्यावर जो माणूस आनंदाने मान लववतो तो मला आपोआप अधिक देखणा वाटू लागतो. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा कर्णधार असताना डेव्हिड बेकहॅमने २००२ साली ‘ॲटिट्यूड’ या समलिंगी पुरुषांच्या मासिकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो दिला. आपल्याकडच्या किती क्रिकेटपटूंनी तेव्हा तसे केले असते, याचा विचार करून पाहावा.

२०२३ च्या जुलैमध्ये रवींद्र महाजनी गेले. आमच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच मित्राने बातमी टाकली आणि खाली लिहिले, ‘आत्याचा हिरो’. गटात आता विशी-बाविशीतली बरीच मुले आहेत, त्यांनी हे नावही ऐकलेले नव्हते. मी त्यांना ‘मुंबईचा फौजदार’मधले रंजनाबरोबरचे समुद्रकिनाऱ्यावरचे गाणे पाठवले. तासाभरात त्या मुलांचे संदेश सुरू झाले. एकाने लिहिले, “हा माणूस इतकी वर्षे कुठे लपवून ठेवला होता तुम्ही?” दुसऱ्याने त्यांचा एक जुना फोटो शोधून गटाच्या चित्राच्या जागी लावून टाकला. मित्राने त्यावर काहीच लिहिले नाही. आकाश ठोसरच्या वेळीही हेच झाले होते. तो तालमीत घडलेला कुस्तीगीर, पण ‘सैराट’मध्ये तो शेजारच्या गल्लीतला पोरगा दिसतो, आणि मुले भाळली ती त्या पोरावर.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. मी एका शहरातल्या, मराठी घरांतल्या आणि प्रामुख्याने माझ्या पिढीतल्या पुरुषांबद्दल लिहिले आहे. आजची मुले कोरियन गायकांवर जीव टाकतात आणि त्यातले मला फारसे कळत नाही. कित्येक समलिंगी पुरुषांना सिनेमाच आवडत नाही. कित्येकांना पिळदार शरीर मनापासून आवडते, त्यांच्या आवडीत काहीही खोट नाही. माझे भांडण तिला एकमेव खरी आवड ठरवणाऱ्यांशी आहे. आणखी एक, एखादा नट आम्हाला आवडतो यावरून तो नट स्वतः कसा आहे याचे अंदाज बांधू नयेत. वर लिहिलेल्या कोणत्याही नावाबद्दल तसे काहीही सुचवण्याचा माझा हेतू नाही.

प्रश्नकर्त्याने नाव दिलेले नाही, त्यामुळे हा प्रश्न कुतूहलाने विचारला आहे की स्वतःसाठी, हे मला ठाऊक नाही. स्वतःसाठी असेल, आणि तुम्हाला आवडणारा माणूस अशा कोणत्याच यादीत सापडत नसेल, तर यादी बाजूला ठेवा आणि त्याचे चित्रपट पाहा. तुमची आवड आईची किंवा मावशीची आहे असे कुणी म्हणाले, तर त्याची स्वतःची आवड कोणत्या जाहिरातीतून आली ते त्याला विचारा. माझ्या मित्राला मी हे त्या संध्याकाळी विचारायला हवे होते, म्हणून आता इथे विचारतो. तो ही साइट वाचतो.