चार महिन्यांत सात किलो वजन उतरलं, वडिलांना कॅन्सर तर नसेल ना?

तुम्ही लिहिलंय, वय 58, डाएट नाही, व्यायाम नाही आणि वजन 62 वरून 55 वर आलं. मी डॉक्टर नाही, पण हे घरात पाहिलंय, म्हणून लिहितो.

आधी धीर देतो. असं वजन उतरणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. शुगर, थायरॉईड, टीबी, पोटाचे विकार, मनाची उदासी, एखादं औषध, अगदी नीट न बसणारी कवळीसुद्धा कारण असते. माझ्या आईची साडी चोपून बसेना तेव्हा घरभर रडारड झाली होती, निघाला थायरॉईड.

पण सहा-बारा महिन्यांत विनाकारण 5 टक्के वजन गेलं तर तपासायचंच असतं. 62 चे 5 टक्के म्हणजे तीन किलोच. तुमचे सात गेलेत.

आता काकांचं. आम्ही रावेरकडचे, केळीवाले. काका पट्ट्याला दाभणाने भोक पाडायचे. एक पाडलं, दुसरं पाडलं, तिसऱ्याला काकूच्या लक्षात आलं. पारावर लोक म्हणायचे, "बहू वाळी गया रे भो!" आणि काका म्हणायचे, उन्हाळा आहे. एका दवाखान्यात तीन महिने टॉनिक आणि ताकदीची इंजेक्शनं चालली. वजन एकदाही केलं नाही. शेवटी मीच त्यांना केळीच्या काट्यावर उभं केलं. मग जळगावला दुर्बिणीने तपासणी झाली. अन्ननलिकेत गाठ होती. तंबाखू चाळीस वर्षांची.

खाणं कमी झालं म्हणूनच माणूस वाळतो असं नाही. गाठीमुळे अंगात सतत दाह राहतो, भूक मरते आणि शरीर स्वतःचेच स्नायू झिजवायला लागतं. म्हणून तूप-दूध चारूनही काकांचे दंड भरत नव्हते. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये हे जास्त दिसतं. पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघाली आणि वजनही उतरतंय, तर "शुगरमुळेच असेल" म्हणून गप्प बसू नका. कधी कधी मूळ स्वादुपिंडात असतं.

चांगल्या फिजिशियनला दाखवा. रक्त, शुगर, थायरॉईड, लिव्हर-किडनी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, इथून बहुधा सुरुवात होते. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. खोकला, आवाज बसणं, कावीळ, शौचातून रक्त, गिळताना अडकणं, यातलं काहीही असेल तर न विचारता आधी सांगा. आणि तंबाखू लपवू नका, आपल्याकडे ती हमखास लपवतात.

आज रात्री वडील जेवायला बसले की ताटाकडे बघा. काका कळण्याची भाकरी सोडून वरणभातावर आले होते. नंतर तोही पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायचे. आम्हाला वाटलं, दात दुखत असतील.